अमरावतीतला स्पेन

बाळापूर तालुक्यातल्या त्या गावात रागिणीला 'स्पेनवाली' म्हणतात. तोंडावर मॅडम म्हणतात, कारण ती अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. पण ती गल्लीतून पुढं गेली की नव्या सुनांना तिची ओळख करून दिली जाते ती स्पेनवाली म्हणूनच. वऱ्हाडात एकदा नाव पडलं की ते माणसाची पाठ सोडत नाही. आता ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागू नये म्हणून आधीच सांगून टाकतो. रागिणी आजतागायत स्पेनला गेलेली नाही. विमानात तिनं पायसुद्धा ठेवलेला नाही. हे गावात कुणालाच ठाऊक नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्या तिच्या बापाला तर नाहीच नाही.

बाप सूर्यभान फुलांची शेती करतो. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. आई गोदाबाई अकोल्याच्या फुलबाजारात हार करायला बसायची. पहाटेच्या गाडीनं फुलांचे गठ्ठे घेऊन जायची आणि दुपार कलली की परत यायची. तिच्या बोटांना काम सांगावं लागत नसे. ती बोलत असायची आणि हार आपोआप लांब होत जायचा. बोलायची मात्र फार. बाजारातल्या सगळ्या बायांची सुखदुःखं तिला पाठ होती, आणि तिची सगळी सुखं एकाच ठिकाणी येऊन थांबायची, ती म्हणजे आमची रागिणी. एकुलती एक पोर, ती पण शिकणारी. मग काय, हार घ्यायला आलेल्या नवरदेवाच्या मामालासुद्धा रागिणीचे मार्क ऐकल्याशिवाय हार मिळत नसे.

बारावी झाल्यावर रागिणीनं अमरावतीच्या बाहेर नव्यानं उघडलेल्या एका खासगी विद्यापीठात नाव घातलं. विषय वित्तीय अर्थशास्त्र, आणि त्याच्या जोडीला स्पॅनिश. माहितीपत्रकावर हे दोन विषय असे शेजारी शेजारी छापले होते की जणू त्यांचं लग्नच ठरलंय. सूर्यभाननं ते पत्रक दोनदा वाचलं.

"पैशाचं शास्त्र ठीक हाय," तो म्हणाला. "पन हे दुसरं काहाले? थ्या भाषेत तू बोलशीन कोनासंगं?"

गोदाबाईनं लगेच निकाल लावला. "भाकरीसंगं लोनचं लागते का नाही? मंग! तुमाले काय समजते त्यातलं? शिकू द्या पोरीले."

तिला तरी काय समजत होतं? पण बोलण्याचा ठसका असा की सूर्यभाननं पत्रकाची घडी घालून तिच्या हातात दिली.

खरं सांगायचं तर रागिणीला लोणचंच जास्त आवडलं. अर्थशास्त्रात ती हुशार होती. व्याजदर, रोखे, जोखीम, सगळं तिच्या डोक्यात सरळ बसायचं. पण त्या वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं आणि नागपूर-पुण्याहून आलेली मुलं तिच्या इंग्रजीला हसायची. मराठीत बोलावं तर 'मले' आणि 'तुले'ला हसायची. स्पॅनिशच्या तासाला मात्र सगळेच शून्यावर होते. तिथं कलेक्टरचा मुलगाही चुकायचा आणि फुलवालीची पोरही चुकायची. त्यात रागिणी कमी चुकायची. स्पॅनिशमध्ये बोलताना ती कुणी दुसरीच असायची, मान वर करून बोलणारी, हात हलवणारी, थट्टा करणारी. शकुन मॅडम म्हणून तिच्या शिक्षिका होत्या, नागपूरच्या, स्पेनमध्ये दोन वर्षं राहून आलेल्या. त्या एकदा म्हणाल्या, "रागिणी, तू तिथं गेलीस ना, की परत येणार नाहीस." हे वाक्य तिनं मनात फार दिवस जपलं. बिचारीला एवढी शाबासकी त्या भाषेनंच दिली होती.

विद्यापीठाचा स्पेनमधल्या एका कॉलेजाशी करार होता. तिसऱ्या वर्षाला दोन विद्यार्थ्यांना एका सत्रासाठी तिकडं पाठवायचं. निवड झाली तेव्हा रागिणीचा नंबर तिसरा लागला, म्हणजे प्रतीक्षा यादीत पहिला. शकुन मॅडम म्हणाल्या, "काळजी करू नकोस. दोघांपैकी कुणीतरी गळतंच. दरवर्षी गळतं."

रागिणीनं त्याच संध्याकाळी घरी फोन केला. "आई, स्पेनचं जवळजवळ झालं."

इथं तिचं चुकलं. पुण्यामुंबईत जवळजवळ म्हणजे जवळजवळ असतं. आमच्याकडं 'जवळजवळ झालं' म्हणजे पेढे आणायला माणूस धाडायचा. पोरीला पाहून पाहुणे नुसतं 'बरी आहे' म्हणाले तरी इकडं मांडववाल्याला सांगावा जातो. गोदाबाईनं दुसऱ्या दिवशी सकाळी फुलबाजारात सांगितलं, दुपारी नणंदेला, आणि संध्याकाळी दिराला. हा दीर म्हणजे मनोजकाका. ग्रामपंचायतीला एकदा उभा राहून पडलेला, आणि पुढच्या वेळची तयारी करत असलेला. त्याला कारणच हवं होतं.

बाळापूरच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. 'आपल्या मातीतील सुकन्या कु. रागिणी सूर्यभान हिची स्पेन देशी उच्च शिक्षणाकरिता निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांचे डझनभर चेहरे, त्यात मनोजकाकाचा सगळ्यात मोठा आणि काळा चष्मा लावलेला. रागिणीचा फोटो विमानाच्या खिडकीत बसवला होता. फ्लेक्सवाल्यानं स्पेन म्हणून इंटरनेटवर शोधलं असावं, कारण कोपऱ्यात एक काळा बैल शिंगं रोखून उभा होता. तो पोळ्याचा बैल समजून म्हातारे नत्थुजी विचारत होते, "पोया त लांब हाय अजून, बैल काहून लावला आतापासून?"

रागिणी त्या शनिवारी घरी आली तेव्हा एसटीतून उतरताच तिला फ्लेक्सवर स्वतःचं तोंड दिसलं. ती काकाला म्हणाली, "काका, अजून पक्कं नाही ना."

"होते व पक्कं! तू काहून घाबरून राह्यली? उद्या समाजमंदिरात सत्कार ठेवला. आमदार साहेबाचा मानूस येऊन राह्यला."

सत्कार झाला. दहावी-बारावीतल्या गुणवंतांना प्रशस्तिपत्रं देऊन झाली आणि शेवटी, मुख्य आकर्षण म्हणून, रागिणी. शाल, श्रीफळ, आणि गोदाबाईनं रात्रंदिवस खपून केलेला शेवंतीचा हार. तो गळ्यात घालून रागिणी खुर्चीत बसली होती, मनोजकाका माईकवर परदेशाचं वर्णन करत होता, आणि तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन थरथरला. शकुन मॅडमचा निरोप होता. दोघंही जाणार हे नक्की झालंय, दोघांचे कागद पूर्ण झाले. वाईट वाटतं, पुढं पदव्युत्तरला प्रयत्न करू.

तिनं तो निरोप वाचला, फोन उलटा ठेवला आणि समोर पाहिलं. पहिल्या रांगेत आई. नवं लुगडं. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. शेजारी बाप, सारखा घसा खाकरणारा.

"आता आपली रागिणी दोन शब्द बोलन," मनोजकाका म्हणाला. "आनि थेबी स्पेनच्या भाषेत!"

टाळ्या पडल्या. रागिणी उठली. माईक हातात घेऊन ती स्पॅनिशमध्ये म्हणाली, "मी स्पेनला जाणार नाही. माझी निवड झालेली नाही. आई, मला माफ कर."

सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. कुणीतरी शिट्टी मारली. गोदाबाईनं शेजारणीच्या हातावर हात मारला आणि म्हणाली, "पाह्य! पाह्य कशी बोलते!"

आता यात पोरीला दोष द्यावा तर देता येतो. मराठीत बोलायला तिची जीभ झडली होती का? पण त्या व्यासपीठावर शाल पांघरून उभं राहिलेल्यालाच ते विचारावं. तिनं तेव्हाच ठरवलं होतं की घरी गेल्यावर सांगायचं. गेलीही आईजवळ. गोदाबाई ओट्यावर बसून दोऱ्याची गुंडी करत होती.

"आई, तुले एक सांगायचं होतं."

"मले आदी सांगू दे," गोदाबाई म्हणाली. "थे चतुराबाई नाही का बाजारातली? मायासमोरच बसते. तुले कॉलेजात टाकलं तवा हासली होती मले. म्हणे, पोरीले शिकवून का विमानात धाडशीन? आज आली होती थे सत्काराले. कोपऱ्यात बसली होती. मी काईच नाही बोलली तिले. नुसतं पाह्यलं." आणि ती स्वतःशीच हसली. "आता मेली तरी चालते मले. बोल, तू काय सांगून राह्यली होती?"

"काई नाही," रागिणी म्हणाली. "हार लय मस्त झाला होता."

त्यानंतर सांगायला पुष्कळ दिवस होते. पण त्या दिवसांत घरोघरची जेवणं सुरू झाली. नवरीला लग्नाआधी जसं बोलावतात तसं. प्रत्येक घरी पुरणाचा सैपाक, प्रत्येक घरी कपाळाला कुंकू आणि हातात काहीतरी. मावशीनं स्वेटर दिला. आत्यानं लोणच्याची बरणी दिली, कारण तिकडचे लोक म्हणे अळणी खातात. नत्थुजीनं देवाचा अंगारा पुडीत बांधून दिला. प्रत्येक जेवणागणिक रागिणीच्या तोंडावर एकेक पट्टी चिकटत गेली. अखेर तिनं मनाशी हिशेब केला तो असा. एकच सत्र. दिवाळी झाली, थंडी सरली की 'परत' यायचं. कुणाचं काही बिघडत नाही, आईची मान वर राहते, आणि पुढच्या वेळी खरंच जायचं.

पोळा झाल्यावर सगळं घर तिला अकोल्याच्या स्टँडवर सोडायला आलं. अमरावतीहून विद्यापीठाची गाडी मुंबईला नेणार असं तिनं सांगितलं होतं. सूर्यभान म्हणाला, "मी येतो ना अमरावतीपावतर." ती म्हणाली, "कॉलेजच्या आतमधी नाही सोडत बाबा." गोदाबाईनं खिडकीतून तिचा हात धरला आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही. "पोचली का फोन करजो. आनि उपाशी नोको राहजो माय." गाडी निघाली. बरोबर दोन तासांनी स्पेनला जाणारी पोर अमरावतीत उतरली आणि रिक्षा करून गाडगेनगरातल्या आपल्या नेहमीच्या खोलीवर गेली.

खोलीत तिच्यासोबत प्रणाली राहायची, यवतमाळची, फटकळ तोंडाची आणि मनानं सरळ. बरणी आणि स्वेटर पाहून तिनं कपाळावर हात मारला. "अव, तू पागल हायस का? लोकं स्पेनले जातो सांगून पळून जातात, तू स्पेनले जातो सांगून कॉलेजात येऊन राह्यली?"

तर असा हा स्पेन सुरू झाला. सकाळी विद्यापीठात जायचं, रोजचे तास, रोजचं वाचनालय. तिच्या वर्गात अकोल्या-बाळापूरचं कुणी नव्हतं, त्यामुळं बातमी फुटायची भीती नव्हती. स्पेनला गेलेल्या दोघांनी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात फोटो टाकले की ती त्यातल्या इमारती आणि समुद्र घरी पाठवायची. आपला फोटो मागितला की पांढऱ्या भिंतीसमोर स्वेटर घालून काढायची. अमरावतीच्या त्या उकाड्यात ती स्वेटर घालून घामाघूम व्हायची आणि फोटो काढून झाला की रडायची. आई जेव्हा 'झोपली होती का?' विचारायची तेव्हा तिकडं किती वाजले असतील याचा विचार करून ती जांभई द्यायची.

एकदा फोन चालू असताना खालच्या रस्त्यावरून भंगारवाल्याचा भोंगा गेला. 'भंगार, पुराना लोहा, रद्दी पेपर.'

"काय व," गोदाबाई म्हणाली, "तिकडंबी भंगारवाला येते?"

"पिक्चर लागला आहे आई, लॅपटॉपवर. आपला हिंदी."

"हो का? मले वाटलं दारातच आला तुया," गोदाबाई हसली. तिला जराही शंका आली नाही. पोरीवर शंका घ्यायची तिला सवयच नव्हती. उलट ती म्हणाली, "मले एखादा शब्द शिकव ना तिकडचा." रागिणीनं 'ग्रासियास' शिकवला, म्हणजे आभारी आहे. झालं! फुलबाजारात हार घेणाऱ्या प्रत्येकाला गोदाबाई ग्रासियास म्हणू लागली. लोकांना वाटायचं फुलाची नवी जात असेल.

त्या सत्रात अर्थशास्त्राच्या तासाला बुडीत खर्चाचा धडा होता. जे एकदा घालून झालं ते परत येणार नसतं, म्हणून त्याच्याकडं पाहून पुढचा निर्णय घेऊ नये. पुढं काय नफा-तोटा होणार तेवढंच पाहावं. रागिणीनं त्यावर असा पेपर लिहिला की सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. सगळ्यांनी कौतुक केलं. आणि ती त्याच संध्याकाळी घरी फोन करून सांगत होती की इथं आता पानगळ सुरू झालीय. फ्लेक्स लागून गेला, जेवणं होऊन गेली, एवढं खोटं बोलून झालं, आता मागं कसं फिरायचं, असं तिला वाटायचं. शिकलेलं माणसाच्या अंगी लागायला किती वेळ लागतो पाहा. शकुन मॅडमना हे सगळं कळलं तेव्हा त्यांनी तिला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "घरी जाऊन ये. आई दोन दिवस रागावेल, मग पोटाशी धरेल." रागिणी म्हणाली, "दिवाळीनंतर सांगते मॅडम."

दिवाळीच्या आधी दसरा येतो. दसरा म्हणजे झेंडूवाल्यांचं वर्षाचं कमाईचं टोक. त्या आठवड्यात माळ्याच्या घरी आजारी पडायला कुणाला सवड नसते. गोदाबाईच्या अंगात ताप होता. ती गोळी खाऊन बसत होती आणि हार ओवत होती. दसऱ्याचं सोनं लुटून झालं आणि मग ती बाजारातच आडवी झाली. सूर्यभाननं अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. डेंगू निघाला.

"भरती केलं तिले," सूर्यभाननं फोनवर सांगितलं. "घाबराची गोष्ट नाही. पेशी कमी झाल्या म्हणते डॉक्टर. तू अभ्यास कर."

रागिणीनं फोन ठेवला, पायात चप्पल अडकवली आणि थेट स्टँड गाठला. अकोल्याच्या गाडीत बसली. काय सांगायचं, कसं सांगायचं, काही ठरवलं नव्हतं. बडनेरा गेलं तशी ती मनात बोलू लागली, आई, मी इथंच होती, मी कुठंच गेली नव्हती. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा पुन्हा बापाचा फोन आला.

"पेशी वाढून राह्यल्या," तो उत्साहानं म्हणाला. "चहा पेली आत्ता. बोलली मायासंगं. तू बिलकुल फिकर करू नोको, येऊ-बिऊ नोको."

रागिणीला इतकं हायसं वाटलं की तिला रडू आलं. आणि त्या हायसं वाटण्यातच तिचा घात झाला. आई बरी होतेय, तर मग आज कशाला? दवाखान्यात, पाहुण्यांच्या देखत, सलाईन लावलेल्या बाईला हे ऐकवायचं? ती बरी होऊन घरी येऊ दे. रागिणी मूर्तिजापूरला उतरली आणि रस्त्याच्या पलीकडं जाऊन अमरावतीच्या गाडीत बसली. आजही ती अकोल्याहून अमरावतीकडं निघाली तर मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबते तेवढा वेळ डोळे मिटून घेते. तिथं उतरली नसती तर, या एका गोष्टीपुढं तिचं डोकं कधी गेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनोजकाकाचा फोन आला. त्याच्या आवाजात भाषण नव्हतं. "बेटा, तब्येत बिघडली वहिनीची. आतून रक्त जाऊन राह्यलं म्हणते. निघता येत असन त निघ."

"निघते काका," ती म्हणाली.

प्रणालीनं तिची बॅग भरून दिली, चप्पल पुढं ठेवली. "चाल, मी येतो स्टँडपावतर. सांजेच्या आत दवाखान्यात पोचतेस."

रागिणी पलंगावरून उठली नाही. "सांजेच्या आत कशी पोचू?"

"म्हणजे?"

"आत्ता फोन आला. स्पेनहून कोनी दोन तासांत येते का?"

प्रणालीनं रागिणीचे खांदे धरून गदागदा हलवले. "मरू दे तुया स्पेनले! माय हाय ते तुयी!" रागिणी रडत होती आणि हिशेब करत होती. विमान मिळायला इतका वेळ, मग मुंबई, मग रेल्वे. उद्या संध्याकाळच्या आधी पोचलं तर ते खरं वाटणार नाही. उद्या दुपारी निघायचं, तोवर आई थांबेल, काल तर चहा प्यायली होती. माणूस भ्याला की त्याला असलंही शहाणपण सुचतं. बॅग दाराशी उभी होती, चप्पल बॅगेजवळ, आणि ती पोर आपल्या आईपासून दोन तासांवर बसून विमान येण्याची वाट पाहत होती.

गोदाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

गावानं मात्र माया केली. "पोरगी निघाली हाय तिकडून," सूर्यभान सगळ्यांना सांगत होता, "थांबा जरासे." बर्फाची पेटी आणून गोदाबाईला तीत ठेवलं. आप्तेष्ट दिवसभर ओट्यावर बसून राहिले. चतुराबाई बाजारातून फुलं घेऊन आली होती आणि एकटीच एका कोपऱ्यात हार करत होती. ऊन कलल्यावर रागिणी चाकांची बॅग ओढत गल्लीत शिरली तेव्हा बायांनी हंबरडा फोडला. "आली वो माय, सात समुद्रापलीकडून आली!" कुणी तिला पाणी दिलं, कुणी तिची बॅग घेतली. आत्या म्हणाली, "दोन दिवसाची जागी असन लेकरू, बसू द्या तिले." आईच्या पायांवर डोकं ठेवून रागिणी काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही.

दहाव्याला नदीवर विधी झाला. पिंडाला कावळा शिवला. माणसं हळूहळू घराकडं निघाली आणि बाप-लेक दोघंच मागं राहिले. रागिणीनं ठरवलंच होतं. आज सांगायचं. बाप मारेल तर मारू दे, घरातून काढेल तर काढू दे, पण हे पोटात घेऊन जगायचं नाही. ती त्याच्या जवळ जाऊन बसली.

"बाबा, मी येऊ शकत होती," ती म्हणाली. "मी आधीच येऊ शकत होती. मी..."

सूर्यभाननं तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं, पोर उशीर झाल्याबद्दल जिवाला खातेय. दहा दिवस तो पोरीला धीर देण्याची संधीच शोधत होता, ती त्याला आता मिळाली.

"मनाले लावून नोको घेऊ," तो म्हणाला. "मी तुले सांगनारच होतो. थे शुद्धीवर होती ना, चहा पेली त्या दिवशी, तवा मीच म्हटलं तिले. म्हटलं, रागिणीले बोलावू का? त म्हणे, नोका बोलावू. म्हणे, एवढ्या दुरून काहाले दमवता लेकराले? शिक्षण बुडन तिचं."

उपरण्यानं त्यानं डोळे पुसले.

"म्हणे, अमरावतीले असती त मीच म्हटलं असतं, बोलवा. तिले पाह्याचं लय मन होऊन राह्यलं. अमरावतीले असती त सांजेपावतर आली असती."

रागिणीच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि तो अजूनही फुटलेला नाही.

"चाल," सूर्यभान उठत म्हणाला. "घरी मानसं जेवाची थांबली असन."